मुळ्याचे पाच दिवस

पुदुकोट्टैच्या दक्षिणेला, तांबड्या मातीच्या वाटांवर
माझी फटफटी लांबूनच ओळखतात.
मागे बांधलेला नायट्रोजनचा डबा धूर सोडतो,
पोरं ओरडत धावतात, सुईवाला वळू आला रे!
बायका पदर तोंडाशी धरतात.
सोळा वर्षं झाली. आता मीही हसतो.

सेंगमलमची गाय, तांबूस, अर्धी जर्सी,
तीनदा भरली, तीनदा उलटली.
चौथ्यांदा गेलो तेव्हा बसायला खाट टाकली नाही.
"तुमच्या नळीत नुसतं पाणी असतं का?"
मी म्हणालो, खनिज मिश्रण द्या,
म्हणालो, पिशवीला सूज असेल,
पुष्कळ म्हणालो.
गाय रवंथ करत माझ्याकडे बघत होती,
उधारी मागायला आलेल्याकडे बघतात तशी.

कुंपणापलीकडून राक्कायी आली.
कानाच्या पाळ्या लोंबून खांद्याला टेकलेल्या,
हातात एक मुळा.
मला काही विचारलं नाही तिने. गाईला विचारलं.
गूळ लावून, मीठ चोळून
मुळा तिच्या जिभेवर ठेवला
आणि जबड्यात कुरकुर वाजेपर्यंत हलली नाही.
"आज माजावर आहे, आजच सुरुवात.
तू तुझी नळी घेऊन जा. पुढच्या माजाला ये."
माझ्याकडे पदविकेचा कागद आहे.
तरी गेलो.

त्या वाटेने माझं येणं-जाणं असतंच.
पाच दिवस मुळा चालला.
मग ती दिसली कोरफडीच्या पातीचे काटे
कोयत्याने उडवताना; गर बोटांतून निसटत होता
आणि ती त्याला शिव्या देत होती, जावयाला द्याव्या तशा.
किती दिवस?
"चार."
चारच का?
"पाचव्या दिवशी गाय तोंड फिरवते."
मग शेवग्याचा पाला, ओंजळी भरभरून.
मग कांडवेल, जी मी मदत म्हणून ठेचायला घेतली
आणि रात्रभर हात खाजवत बसलो.
कढीपत्ता आणि हळदीच्या वेळी
मी दोन गावं पलीकडे होतो, एका म्हशीच्या अडकलेल्या वारेपाशी.
सेंगमलमच्या मुलीने नंतर सांगितलं,
तेही चारच दिवस.

रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबवली होती.
मालगाडी लांबलचक. करायला काही नव्हतं,
म्हणून बोटांवर मोजलं.
पाच, आणि चार, आणि चार,
आणि चार, आणि चार.
परत मोजलं.
फाटक उघडलं, मागचे भोंगे वाजवू लागले.

एकवीस.

पहिल्या वर्षी वर्गात घोकलेला आकडा,
माजापासून माजापर्यंतचे गाईचे दिवस.
राक्कायीला सांगायला मुद्दाम वळलो.
ती म्हणाली, "कोण मोजतंय?
सासूने एवढंच सांगितलं होतं. एवढ्यातच संपतं."

गाय पहाटे हंबरली.
सोट स्वच्छ, काचेच्या दोरीसारखा लोंबत होता.
मी नळी गरम पाण्यात धरली,
खांद्यापर्यंतचा मोजा चढवला, माझं काम केलं.
कोणी काही बोललं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा कोपरापर्यंत हात आत.
उबेत चाचपडत गेलो
आणि बोटांखाली ते डुचमळलं,
ओल्या फडक्यात बांधलेलं पाणी असावं तसं.
मी हात लगेच काढला नाही.
सेंगमलम माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली.
आणि कुंपणापलीकडून राक्कायी,
दात नसलेलं तोंड उघडून,
"तुझा की माझा?"

सगळं गाव हसलं. रजिस्टरमध्ये मी
वळूचा क्रमांक लिहिला, तारीख, गाभण.
शेऱ्याचा रकाना बोटभर असतो.
त्यात मुळा लिहिलं, मग खोडलं,
कारण वरचे साहेब विचारतील, कसला मुळा.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवर
एका भाकड गाईला मी स्वतः दिला,
मोजून पाच दिवस, पुढचं सगळंही मोजून.
ती उलटली.
राक्कायीने सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली,
आणि विचारलं,
"मीठ कोणत्या हाताने चोळलंस?"